घाम

गर्लगुंजीत, पंचायतीच्या पत्र्याखाली,
डॉ. मृणाल देसूरकर चौथ्यांदा म्हणाल्या,
‘जांभ्याची सच्छिद्रता.’
मी भाषांतराला बसलेला निवृत्त मास्तर,
मराठीचंच मराठी करून दमलो होतो.

मागून गंगव्वा कुंभारीण उठली.
‘म्हणजे मडक्याला घाम येतो तसंच की, बाई?
तुमच्या डोंगराला पण येतोय?’

बाईंनी पडद्यावरचा आलेख बंद केला.
जरा वेळ पंखाच तेवढा बोलत राहिला.
मग म्हणाल्या, ‘येतो. मार्चपर्यंत.
पुढं का थांबतो, तेच अकरा वर्षं मोजतेय.’

‘बेवरु,’ कानडी बाकावर कुणीतरी
शेजाऱ्याला सांगितलं.
तो शब्द मी सांगितला नव्हता.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं,
‘प्रबंधात घाम लिहिला तर चालेल?’
मी म्हटलं, सच्छिद्रता तळटिपेत टाका.