बारा ग्रॅम

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला
आणि त्यावर काट मारली.
म्हणाल्या, नुबार, हा पाव.
मला हसू आलं.
एकेचाळीस वर्षं वॉटरटाउनच्या या गल्लीत
पहाटे तीनला भट्टी पेटवतोय मी.

पाव गेला. भात गेला, बटाटा, डाळिंबाचा रस.
जर्दाळूसाठी मी थोडा भांडलो. तोही गेला.
राहिलं काय? अंडी, मटण, काकडी,
अक्रोड मोजून सात,
आणि दही. साधं, सायीसकट दुधाचं.

दुकानात दह्याची भिंतच होती.
व्हॅनिला, पीच, तळाशी जाम दडवलेलं,
शून्य टक्के, शून्य टक्के, शून्य टक्के.
दुधातून दूध काढून घ्यायचं
आणि पडलेला खड्डा साखरेनं लिंपायचा.
अगदी खालच्या फळीवर,
वाकल्याशिवाय दिसू नये अशा जागी
एक पांढरा डबा. त्याच्यावर फळाचं चित्र नव्हतं.
गुडघा टेकून काढला.

माझी सिर्वार्त लोकांचे कर भरून देते.
तिनं डबा फिरवून बारीक अक्षरं वाचली:
एका वाटीत बारा ग्रॅम, बाबा.
मी म्हटलं, बारा दुधात होते.
रात्रभर त्यात जे मुक्कामाला होते
ते काय उपाशी झोपले?
मग आंबट कोणी केलं?
त्यांनी त्यांचा वाटा खाल्ला. उरलं ते माझं.
ती म्हणाली, जंतू पावती देत नाहीत.
वहीत बारा लिहिले. रोज बाराच लिहिते.

मग वाटलं, घरीच लावावं.
दही अझ्निव लावायची.
कसं, ते मी कधी विचारलं नाही;
सकाळी ते असायचं, एवढंच.
ती गेली त्या मार्चमध्ये घरात माणसं येणार म्हणून
मी फ्रिजमधली बरणी घासून ठेवली,
लखलखीत.
विरजणाचा शेवटचा चमचा नळाखाली गेला
हे मला दोन वर्षांनी कळलं,
चमचा हातात घेऊन उभा होतो तेव्हा.

पीठ मला कोपरानं कळतं.
दुधाचं काही कळेना.
पहिल्यांदा दूध कढत होतं, विरजण मेलं.
दुसऱ्यांदा गार. सकाळी दूध ते दूधच.
शेवटी वरच्या मजल्यावरच्या येरानुहीबाई
वाटीत आपलं विरजण घेऊन खाली आल्या.
करंगळी बुडव, म्हणाल्या, आणि दहा मोज.
आठला काढलीस तर थांब अजून.
पंधरापर्यंत गेलास तर उशीर झाला.
मोजू कुठल्या भाषेत?
ज्या भाषेत भाजतं त्या.

बरणी घोंगडीत गुंडाळली.
घरात तिला ऊब कुठे? हीटर रात्री मी बंद करतो.
म्हणून काखेत धरून, बर्फातून,
दुकानात आणली
आणि भट्टीच्या मागच्या विटांना टेकून ठेवली,
पिठाच्या गोणींशेजारी.
मग चादरीएवढे लवाश लाटत बसलो,
दोनशे, सव्वादोनशे,
जे मला चाखायचे नाहीत.
गरम लवाशचा कोपरा तोडून तोंडात टाकायची
हाताची सवय अजून गेलेली नाही.
हात जातो. मी तो एप्रनला पुसतो.

सातला पोलीस ओ'हॅलोरन आला. सहा घेतले.
त्यातल्या एकाचा कोपरा दारातच खाल्ला त्यानं,
मी दुसरीकडे बघितलं.

मग घोंगडी सोडली.
बरणी कलती केली: हललं नाही.
वर सायीची पिवळट सुरकुती,
कडेला थोडी निवळी.
मीठ घातलं, काकडी किसली.
पहिला चमचा दातांना आंबला.
अझ्निवचं नव्हतं हे. येरानुहीबाईंचंही नाही.
वाईट नव्हतं.

दुसरा चमचा भरला तेव्हा
माझ्या भुवईवरून पीठ उडालं असावं.
दह्यावर एक पांढरा कण,
पांढऱ्यावर पांढरा,
उजेडात धरल्यावर दिसला.
काढावा का? बोटं तर पिठाचीच.

सिर्वार्तला सांगणार नाही.
खाल्ला.