आवाज चोरीला गेला

माळेगावच्या जत्रेत, चौथ्या दिवशी पहाटे,
मोहऱ्याची घंटा जागच्या जागी होती.
गाडीत, कडब्यावर, तोंड वर करून,
तांब्याएवढी, पितळी, चिंचेनं घासलेली.
मोहऱ्यानं शिंगाच्या टोकानं ढोसलं.
घंटा गप्प.
पुन्हा ढोसलं.
गप्प.

"चोरी!" हंबरला लालकंधारी मोहऱ्या,
"घंटा ठेवली, आवाज नेला!
दहाला रिंगण, पंच येणार,
मुकाच जाऊ का मी?"

तपासाला आली ठमी गाढवीण:
अकरा जत्रा विकायला आणलेली,
अकराही जत्रा न खपलेली,
म्हणून जत्रेतलं सगळं तिला म्हैत.
तिच्यासोबत सुंदऱ्या, पश्मी कुत्रा,
पाय लांब, धीर आखूड.

सुंदऱ्या सुटला.
"उंटाचं पोट गुडगुडतंय, आवाज तिथंच!"
उंट म्हणाला, "आत फक्त लिंबाचा पाला,
हवं तर कान लाव."
लावला. पालाच होता.
मग नाचऱ्या घोडीचे चाळ ऐकले,
छुमछुम होती, ढण्ण नव्हती.
मग भविष्यवाल्याच्या पोपटाला गाठलं.
पोपटानं चोचीनं पाकीट ओढलं:
"लवकरच प्रवास घडेल."
"सापडला धागा!" सुंदऱ्या उड्या मारू लागला.
ठमी म्हणाली, "जत्रेला आलेल्या
कुणाला प्रवास घडत नाही, बाळा?"

"मग ठसे बघू!"
"बघ की. खंडोबाच्या माळावर
भंडाऱ्यानं कुणाचे पाय पिवळे नाहीत?
तुझे पिवळे, माझे पिवळे,
चोराचे पिवळे, सावाचे पिवळे.
ठसे नको बघू. ठिपके बघ."

आणि ठमीनं मान खाली घातली,
नाक गाडीच्या चाकाला लावलं.
चाकाच्या आऱ्यावर ठिपके होते,
तिळाहून बारीक, हळदीचे,
वर गेलेले, खाली आलेले,
परत वर, परत खाली.
मधे एका खिळ्याला
अडकला होता कापसाचा एकच तंतू.

"रात्रभर फेऱ्या मारल्यात कुणीतरी,
जाताना रिकामं, येताना भरलेलं."
तंतूमागं तंतू, गाडीखाली,
तिथं नागनाथ झोपलेला, वय वर्षं नऊ,
आणि त्याच्या गादीला
बोराएवढं भोक.

सुंदऱ्याची शेपटी ताठ झाली.
"पोरानंच केलं!"
"पोरगं चाकाच्या आऱ्यावरून चढतं का रे?"
ठमीनं गाडीत तोंड घातलं,
घंटेत डोकावली,
आणि तिचे लांब कान
हळूच आडवे झाले.

लोलकाभोवती कापूस, कापसात उंदरीण,
तिच्या कुशीत सहा पिल्लं,
गुलाबी, डोळे मिटलेली,
शेंगदाण्याएवढी.

"मी आवाज चोरला नाही," उंदरीण म्हणाली,
"गुंडाळून ठेवलाय.
थंडी होती."

तेवढ्यात नागनाथचा बाप ओरडला,
"नाग्या! घंटा बांध! नंबर आला!"
ठमीनं काय केलं असेल?
जे अकरा वर्षं गिऱ्हाइकांसमोर केलं, तेच:
गाडीच्या तोंडाशी फतकल मारली,
आणि असं ओरडली,
की पिपाणीवाल्याची पिपाणी गळाली.
(पिल्लं उठली नाहीत.
घंटेच्या आत कापूस चांगला होता.)

नागनाथ तिच्या पाठीवरून गाडीत चढला,
घंटेत बघितलं,
बराच वेळ बघितलं,
मग बापाला म्हणाला,
"दादा, घंटा सापडंना."
असं खोटं तो त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला,
आणि कान त्याचे लाल झाले,
मोहऱ्याच्या रंगाचे.

रिंगणात मोहऱ्या मुकाच गेला.
नंबर तिसरा आला.
पंच म्हणाले, "बैल देखणा,
पण कुणाला उठवायला भ्याल्यासारखा चालतो."
मोहऱ्यानं ते कौतुक समजून
खोंडासारखं शेपूट उडवलं.

ठमी याही जत्रेत खपली नाही.
सुंदऱ्याला मात्र गिऱ्हाईक लागलं, निलंग्याचं.
"पोपट खरं बोलला गं," जाताना तो म्हणाला.
ठमी काही बोलली नाही.
धुळीत त्याचे पिवळे ठसे होते,
त्यातला एकही तिनं तुडवला नाही.

संध्याकाळी गाडी कंधारच्या वाटेला लागली.
मोहऱ्या खड्डे चुकवत होता.
मांडीवर घंटा घेऊन नागनाथ बसला होता,
तोंड वर करून धरलेली,
आत सहा नवे लोलक,
अजून वाजायला न शिकलेले.