काढलेली फळी

ताळगाव पठारावर, तिसऱ्या मजल्यावर,
चौदा फ्लास्क चांदीच्या कागदात गुंडाळलेले.
आत एकपेशीय शेवाळ,
आणि अंधारात तगावं म्हणून चिमूटभर ॲसिटेट,
इमेल्दा त्याला विनागरच म्हणते.

सहाव्या दिवशी कागद सोलला.
सात हिरवे.
सात पिवळे, पिकल्या करमलासारखे.
इमेल्दाने टाळी दिली : सापडला तुझा जनुक!

सापडला कुठे. मोडला होता मी.
आमच्यात असंच शोधतात :
एक वस्तू काढून ठेवायची
आणि घरात काय अडतं ते बघत बसायचं.

शनिवारी रायबंदरहून फेरीबोट.
पर्समध्ये दोन नळ्या, काळ्या कागदात,
एक पिवळी, एक हिरवी
(नियमात बसत नाही. इमेल्दाने पाठ फिरवली होती).
चोडणच्या धक्क्यावर उतरले तेव्हा
खाजनावर दिवा एकच होता, बाबांचा.

भरती अकरा चाळीसला.
बाबांचं घड्याळ रोज पाऊणएक तास मागे सरकतं,
ते चंद्राचं आहे.
एकतीस वर्षं मानशीवर,
गोडं आत, खारं बाहेर.
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला,
डाव्यात सुरू,
बांबोळीची तारीख दोनदा चुकवलेली,
कारण दोन्ही वेळा अमावास्या होती
आणि अमावास्येला पाणी कोणाचं ऐकत नाही.

कंदिलाशी नळ्या धरल्या.
"हें कित्याक हळदुवें?"

मी सांगत गेले.
की हिरवं करायला बऱ्याच पायऱ्या लागतात,
शेवटाकडे एक अशी, जिथे
फक्त दोन हायड्रोजन जोडायचे उरतात.
भात, केळ, आंबा, तुमचा कोरगूट,
फुलणारं सगळं तिथवर येतं
आणि उजेडाची वाट बघत उभं राहतं.
उपडं घमेलं उचललं की खाली गवत पिवळं, ते म्हणून.
शेवाळ थांबत नाही.
त्याच्याकडे आणखी एक हात आहे, फार जुना,
हवेत प्राणवायू फारसा नव्हता तेव्हाचा,
आजही प्राणवायू लागला तर तो हात मोडतो.
पण काळोखात काम करतो.
झाडांनी तो कुठे टाकला, त्यांनाही आठवत नाही.
आणि या नळीत तो
मी काढून घेतला.

बाबांनी नळी कानाशी नेली. का, कोण जाणे.
खाली पाणी फळ्यांना धडका देत होतं.
मग म्हणाले, तू पाचवीत असताना
त्या मिंगेलच्या थोरल्याने मासे जास्त मिळावेत म्हणून
मानशीची खालून तिसरी फळी काढली.
एकच. रात्रीतून.
दोन वर्षं शेतात मीठ. कोरगूटदेखील उभा राहिला नाही.
"तेन्ना कळ्ळें ती फळी कितें करताली."

माझ्या प्रबंधाची पहिली चाळीस पानं
एवढंच सांगतात, आणि कमी नीट.

पाणी फिरलं. कंदील बाजूला ठेवून
ते चार पायऱ्या उतरले, दोर सैल केला,
बोटांनी फळ्या मोजल्या.
मी टॉर्च पेटवला.
"पालव," म्हणाले, "दिपतं."

रविवारी दुपारी जेवायला बसलो
तर नळ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिलेल्या,
कागद वाऱ्याने केव्हाच उडालेला.
सकाळपासूनचं ऊन.
दोन्ही हिरव्या.
(उजेड मिळाला की मोडका हातही लागत नाही,
दुसरा, सगळ्या झाडांचा, तो आहेच.)

बाबांनी डोळे बारीक केले :
यातली फळी काढलेली कुठची?

मला वाटलं, मोतीबिंदू.
मग मी पाहिलं. एकदा. पुन्हा एकदा.
लेबलांवरची शाई लोणच्याच्या हाताने पुसलेली.

कळायचं असेल तर, मी म्हटलं,
परत काळोखात ठेवाव्या लागतील.

सोमवारी पहिल्या फेरीला तिघं निघालो,
दोन नळ्या पठारावर जायच्या,
बाबा बांबोळीला.
पौर्णिमा होती. किल्ल्या त्यांनी
मिंगेलच्या थोरल्याकडे दिल्या.