दुसरा ब्रेक

हेवी लायसनचं कार्ड पोस्टाने आलं
तेव्हा आईने आधी त्याला कुंकू लावलं,
नेमकं त्या सोनेरी चिपवर.
पुसलं, तरी कडेला लाल राहिलंच.
आडगावच्या ट्रक टर्मिनलमध्ये
जो तो आधी ते बघायचा,
मग मला.

"अनुभव?"
स्कूलमध्ये एक महिना.
"स्कूलचा ड्रायव्हर आलाय रे,"
खुर्चीतला माणूस आत कुणालातरी सांगायचा,
जसं म्हणावं, पाकिटातली भाकरी.

एकाला तीन वर्षांचा अनुभव हवा होता.
एकाला जामीन.
एक म्हणाला, ताडपत्री बांधता येते?
नाही येत.
मग शिकवलं काय तुला?
आठचा आकडा, म्हणालो. हाफ क्लच.
दोन पिंपांच्या मधून रिव्हर्स.
तो हसला नाही. त्याने पाणी दिलं.
ते जास्त लागलं.

स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक होते.
एक माझा, एक खैरनार सरांचा.
द्वारकेच्या चौकात गाडी थांबायची,
आणि मला कधीच कळायचं नाही
ती नक्की कुणी थांबवली.
सर खिडकीबाहेर बघत असायचे,
जणू त्यांचा पाय दुसऱ्याच कुणाचा आहे.

गांगुर्डे उस्तादचा क्लीनर
बहिणीच्या लग्नाला सुरगाण्याला गेला तो गेलाच,
म्हणून मला डावी सीट मिळाली.
पिंपळगावहून वाशी, टमाटे.
लायसन खिशात, हातात फडकं.
काच पुसायची, केबिन झाडायची,
टायरवर टॉमी मारून
कलिंगडासारखा आवाज ऐकायचा.
ताडपत्रीची गाठ पहिल्या खेपेला
विल्होळीलाच सुटली.
उस्ताद खाली उतरला, बांधली, चढला.
घोटी येईपर्यंत बोलला नाही.

झाडताना रोज दिसायचं,
माझ्या बाजूची रबरी मॅट
एका जागी झिजून पार भोक पडलंय,
टाचेएवढं.
उंदीर असेल म्हणून सोडून दिलं.

अकराव्या खेपेला, रात्री दीडला,
घाटनदेवीपाशी त्याने गाडी लावली.
हात जोडले, तंबाखू थुंकली,
आणि फिरून डावीकडून वर चढला.
मी अजून तिथेच बसलेलो.
"सरक की तिकडं."

एवढंच.

"चढताना जो गिअर लागला असता
त्याच गिअरमध्ये उतर. न्यूट्रल केलीस
तर आईला फोन मी करणार नाही."

कसारा घाट मी दिवसा पाहिला होता,
डावीकडून, शेंगा खात.
आता पाठीला नऊ टन टमाटे.
एकेक केवढा मऊ,
पण सगळे मिळून
ढकलत होते, ढकलत होते,
वळणावर तर बोलत होते.
इंजिन कण्हलं. मी त्याला कण्हू दिलं.
पुढच्या टँकरचे लाल दिवे
जवळ येत, लांब जात.
कुठे दाबला, कुठे सोडला, काही आठवत नाही.

एकच आठवतं.
समोरून बस वर आली, फुल डिपरवर,
केबिनमध्ये क्षणभर दिवस झाला
आणि मी तिकडे पाहिलं.
बघायला नको होतं, पण पाहिलं.

उस्ताद खिडकीबाहेर बघत होता
अगदी निवांत.
आणि त्याचा उजवा पाय
मॅटवरच्या त्या भोकात
जिवाच्या आकांताने
ब्रेक दाबत होता.

तिथे काही नव्हतं.
पत्रा होता नुसता.

किती पोरं बसली असतील या सीटवर
माझ्याआधी, हे विचारायचं होतं.
लतीफवाडीला गाडी बाजूला घेतली
तेव्हा माझेच पाय कापत होते,
विचारणार कोण.
त्याने दोन चहा सांगितले.
पैसे द्यायला मी खिशात हात घातला,
तर नोटांच्या आधी ते कार्डच बाहेर आलं.

"ठेव ते," तो म्हणाला.
"पगार झाला की दे."