रकाना क्रमांक सात

अर्जात सातवा रकाना : नकाशा कशासाठी हवा?
जागा दोन ओळींची.
मी लिहिलं, पाणी येतं म्हणून.

पंड्याभाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
‘हेमलताबेन, असं नाही चालत. प्रयोजन लिहा.
आणि उंचीचे आकडे नाही मिळणार. ते खात्याचे.’

खात्याचे.
बाबा बत्तीस वर्षं याच खात्यात पट्टी धरायचे.
कारेलीबागेपासून समाच्या बाभळींपर्यंत,
दुर्बिणीतल्या साहेबाचा हात खाली येईतो
उन्हात खांबासारखे उभे.
रात्री आई पोटऱ्यांना तेल चोळायची
तेव्हा झोपेत आकडे बोलायचे :
कोठीचा दगड, पस्तीस पूर्णांक दोन.
कोठीचा दगड, पस्तीस पूर्णांक दोन.
तेवढा एक घरी आला.
बाकीचे कपाटात.
पगार लोकांच्या पैशातून, कपाटही,
किल्ली एकाच्या कमरेला.

विश्वामित्रीला अर्ज भरावा लागत नाही.
आजव्याचं पाणी सुटलं की तिला पाठ असतं
कुठला उंबरा किती बोटं खाली.
मगरींनाही. गेल्या भादव्यात एक
जशुबेनच्या शिवणयंत्राखाली येऊन बसली,
अगदी बरोबर पत्त्यावर.
बिल्डरलाही कुठून तरी कळलेलं आहे,
त्याची जोती बरोब्बर हातभर वर.
कळलं नव्हतं ते जशुबेनला,
जिनं बांगड्या मोडून
सगळ्यात खोलगट गल्लीत खोली घेतली.

‘दुरुपयोग होतो, बेन,’ पंड्याभाई म्हणाले.
माणूस वाईट नाही. चहा मागवला.
मी कपाटाखाली पाहत होते :
चार विटा.
ना तीन, ना पाच.

कोठीच्या नाक्यावर तो दगड अजून आहे,
बाणाची खूण कोरलेला.
पानवाला त्यावर चुन्याचा डबा ठेवतो.
‘जरा उचलता?’ म्हटलं.
गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणली,
एक टोक माझ्याकडे, एक जशुबेनकडे.
नळी किती वेळा हलवली, मोजलं नाही.
दोनदा बुडबुडा शिरला, पुन्हा पहिल्यापासून.
पोरं मागे, एक कुत्रा,
आणि ‘कोणत्या पक्षाचं काम?’ विचारणारे एक काका.

अंधार पडताना तिच्या दाराशी पोचलो.
‘केटलुं?’ तिनं विचारलं.
मी वजाबाकी दोनदा तपासली
आणि खडूनं दारावरच लिहिलं,
रस्त्यावरून वाचता येईल
एवढं मोठं.