अधिक-उणे

रबाळ्याच्या एमआयडीसीत,
औषधांच्या कारखान्याच्या वासाआड
आमची प्रयोगशाळा.
इथे वजनांचं वजन होतं.
काचेच्या घुमटाखाली एक किलो बसलेला असतो
हळद लागलेल्या नवरदेवासारखा;
चिमट्यानं उचलायचा, हातमोजे घालून,
कारण बोटाच्या ठशालाही वजन असतं.

सोमवारी कागद आला.
‘मी सत्य आणि अचूकता या मूल्यांवर
मनापासून विश्वास ठेवतो / ठेवते.’
खाली रेघ.
‘नको ते खोडा’ ही सूचना
फक्त ठेवतो-ठेवतेपुरती.
एचआरची ऋजुता म्हणाली,
सर, शुक्रवारपर्यंत. आधी मोठ्यानं वाचायचं, मग सही.
तिचा दोष नाही. तिलाही वरून आलंय.

सतरा वर्षं झाली मला इथे.
सत्यावर विश्वास?
कळव्याच्या हॉस्पिटलात वडिलांनी विचारलं होतं,
रिपोर्टात काय आहे रे?
मी म्हटलं, काही नाही, सूज आहे.
मग बरं, म्हणाले,
आणि अर्धं डाळिंब खाल्लं.
ते खोटं मी अजून काट्यावर ठेवलेलं नाही.
ठेवलं तर पास होईल, असं वाटतं.

आणि अचूकता?
दिवाळे गावच्या बाजारात मासळीवाली
पारड्याला बोट लावते, ते मला दिसतं.
मला दिसतं, हे तिला दिसतं.
मग ती दोन बोंबील वर टाकते
आणि आमचा हिशेब बरोबर होतो.

पण गेल्या मार्चमध्ये
तुर्भ्याच्या एका भंगारवाल्याचा काटा आला,
शंभर किलोमागे पाऊण किलो गिळणारा.
कचरा वेचणाऱ्या बायकांची पोती त्यावर चढायची.
त्याचा माणूस मिठाईचा पुडा घेऊन बसला होता.
साहेब, कुणाच्या बापाचं काय जातंय?
मला आत काही पेटल्यासारखं वगैरे झालं नाही.
जेवायची वेळ झाली होती. पाठ दुखत होती.
हातानं ‘नापास’ लिहिलं,
कुलूप लावल्यावर
आपण एकदा ओढून बघतो, तसं.

जयवंती मढवी गोठिवलीच्या.
त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत इथेच कुठेतरी होतं,
बहुतेक आता पार्किंगखाली.
मूल्यं वगैरे त्यांना विचारणं
जरा अवघडच.
त्या रोज सकाळी सूक्ष्म तराजूचं टेबल पुसतात.
चष्मा कपाळावरून खाली घेऊन
त्यांनी कागद वाचला.
“इश्वास? माजा इश्वास पगारावर हाय.
तो बी सात तारखेनंतर.”
आणि फडकं घेऊन वाकल्या.

मी बघत होतो.
तराजूपाशी जाताच त्यांनी श्वास धरला.
शिकवलं नव्हतं कुणी.
आकडा थरथरताना पाहिला असेल कधीतरी.
टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत,
काचेच्या दारांची खाच, मागचा कोपरा,
सगळं होईस्तोवर धरून ठेवला,
मग मागे सरून, तोंड फिरवून,
पार दारापाशी जाऊन सोडला.
त्या शब्दातलं लागेल तेवढंच
त्या वापरत होत्या.

शुक्रवारी मी मोठ्यानं वाचलं.
आवाज ठीक निघाला.
रेघेवर सही केली
आणि हाताच्या सवयीनं पुढे लिहिलं: अधिक-उणे.
किती, ते सुचेना.
आमच्यात अनिश्चितता लिहिल्याखेरीज
कुठलंच माप धरत नाहीत.
ऋजुता कागद घेऊन परत आली.
सर, इथे फक्त सही चालते.
तिनं दुसरा कोरा दिला.
जयवंतीबाईंचा वरच होता,
‘ठेवतो’ आणि ‘ठेवते’ दोन्ही खोडलेला.
तो चालला, बहुधा कुणी पाहिलाच नाही.

माझा अजून खणात आहे.
घुमटाखालचा किलो शांत बसलाय.
तोसुद्धा नक्की किती आहे,
हे दर दोन वर्षांनी
त्याला दुसरीकडे पाठवून
विचारावं लागतं.