दुबार नोंद

खडेबाजारच्या मागं, दुसऱ्या मजल्यावर,
बारा खुर्च्या आणि आता सात माणसं.
मी खानापूरच्या शाळांचा तक्ता लावत होतो:
गाव, माध्यम, पट.
एकाच गावाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं,
एक मराठी वळणाचं, एक कन्नड,
तिसरं कुणा कारकुनाचं स्वतःचं.
तिन्ही जुळवून एक गाव करायचं, हे माझं काम.
चार पोरांची शाळा दोनदा मोजली
म्हणून आठ पोरं होत नाहीत.

हेगडे साहेब आले. कधी नव्हे ते मराठीत बोलले.
"एक्सेलवर तुझा हात साफ आहे.
एवढी यादी बघून दे की. दुबार नावं काढ."

यादीत लगमण्णा उचगावकर,
एका अनुस्वारासाठी छपाई थांबवणारा.
शमशाद मुल्ला.
तिचा पगार माझ्याहून कमी, हे आज कळलं.
ओळ एकोणीस: भरमाणी हलगेकर.
ओळ तेवीस: ब्रह्मानंद हलगेकर.
एक आजोबांनी ठेवलेलं,
एक बाईंनी पहिलीत सुधारलेलं.
जन्मतारीख माझीच.

बाईंचं काढलं.
खालची बेरीज आपोआप एकानं उतरली.

"झालं?"
"झालं की ओ."

संध्याकाळपर्यंत पास चालणार होता.
तक्ता पुन्हा उघडला, शेवटच्या शाळेला फोन लावला.
"बाई, पट चारच ना अजून?"
पलीकडं घंटा, कुणीतरी बाक ओढत होतं.
"आज तिघंच आलीत.
चौथी तापानं पडलीय, सर.
तिला गाळू नका."